चीजच्या पाकिटावर न लिहिलेले ॲलर्जीचे घटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीज आणि ॲलर्जी हे दोन शब्द एकत्र आले की सगळ्यांना फक्त दूध आठवतं. पण घरात अंडं, शेंगदाणा, काजू, गहू किंवा सोयाची ॲलर्जी असलेलं कुणी असेल, तर त्या घरालाही चीजचं पाकीट उलटसुलट करून वाचावं लागतं. माझ्या मुलाला अंड्याची आणि काजूची ॲलर्जी आहे. इतर पालक मला जे विचारतात आणि मी डॉक्टरांना व अन्नतंत्रज्ञांना जे विचारत आले, त्यातून हे प्रश्न जमत गेले. औषधांच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

पाकिटावर न लिहिलेला घटक सापडला म्हणजे भेसळच ना?

बहुतेक वेळा नाही. भेसळ नफ्यासाठी जाणूनबुजून केली जाते. इथे साधारणपणे चूक असते: दुसऱ्याच मालाचं लेबल लागतं, यंत्र नीट धुतलं जात नाही, पुरवठादार मसाला बदलतो आणि कळवत नाही. खाणाऱ्याच्या शरीराला त्यामागचा हेतू कळत नाही, त्यामुळे काळजी दोन्हीत सारखीच घ्यावी लागते.

अमेरिकेत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या दुकानसाखळीच्या नावाने विकलं जाणारं सुमारे ७९,००० पौंड लोणी परत मागवलं गेलं. घटकांच्या यादीत क्रीम होतं, पण ‘यात दूध आहे’ ही ओळ छापायची राहिली होती. लोण्यात दूध असतं हे सांगावं लागतं का, म्हणून लोकांनी या बातमीची भरपूर थट्टा केली. मला तो कडकपणा योग्य वाटतो. ती एक ओळ प्रत्येक पाकिटावर हमखास असेल, तरच नातवाला खाऊ देताना आजोबांना फक्त तेवढीच ओळ वाचून भागेल.

दुधाची ॲलर्जी नसेल तर चीजमध्ये घाबरण्यासारखं काय असतं?

साध्या चीजमध्ये फारसं काही नसतं. दूध, मीठ, विरजण आणि दूध साकळवणारं रेनेट, एवढंच. आपल्याकडच्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार, रंग आणि परिरक्षक येतात. धोका वाढतो तो त्यापुढे. लादीचं स्लाइस होतं, स्लाइसचं स्प्रेड होतं, स्प्रेडचं सॉस होतं, आणि सॉस हॉटेलच्या स्वयंपाकघरात जातो. प्रत्येक टप्प्यावर नवे घटक आणि नवे हात लागतात. माझा सगळा भर या एका गोष्टीवर आहे: चीज जितकं लादीच्या जवळचं, तितकं त्याच्याबद्दल आपल्याला खात्रीने काही सांगता येतं.

आता एकेक घटक पाहू. अंडं चीजमध्ये येतं हे अनेकांना पटत नाही. इटलीच्या ग्राना पदानो या कडक चीजमध्ये लायसोझाइम नावाचं प्रथिन वापरतात. ते कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागातून काढलेलं असतं. चीज मुरताना काही जिवाणू वायू तयार करतात आणि चीज आतून फुगतं, तडकतं. लायसोझाइम त्यांना रोखतं. चवीला आणि दिसायला जवळचं असलेलं पार्मिजानो रेजानो मात्र लायसोझाइमशिवाय करावं लागतं, तसा त्याचा नियमच आहे. हॉटेलात दोन्ही ‘पार्मेजान’ म्हणून पास्त्यावर किसली जातात, आणि वाढणाऱ्याला यातला फरक सहसा माहीत नसतो.

गहू येतो चीज सॉसला दाटपणा आणणाऱ्या मैद्यातून आणि चीज नगेट्सच्या ब्रेडक्रम्समधून. सोया येतो स्लाइस एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावलेल्या लेसिथिनमधून, किंवा वनस्पती तेलातून. सुकामेवा येतो अक्रोड, पिस्ते घातलेल्या चीजमधून आणि पेस्तोच्या (बेसिलच्या पानांच्या इटालियन चटणीच्या) चवीच्या स्प्रेडमधून; पेस्तोत पाइन नट महाग पडतो म्हणून बऱ्याच ठिकाणी काजू घालतात. मासा येतो वूस्टर सॉसमधून, कारण त्या सॉसच्या मूळ कृतीत अँचोवी आहे आणि चीज टोस्टवर ते थेंब टाकायची जुनी पद्धत आहे. जर्दाळू, क्रॅनबेरी घातलेल्या चीजमध्ये सुक्या फळांबरोबर सल्फाइट हे परिरक्षक येतं, आणि दमा असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. मोहरीची पूड चीज सॉसची चव उठावदार करते, म्हणून ती जवळपास सगळीकडे असते. तिची गोष्ट पुढच्या उत्तरात.

कारखान्यात हे घडतं तरी कसं?

सकाळी साधे स्लाइस आणि दुपारी मसाल्याचे स्लाइस एकाच यंत्रावर बांधले जातात. वेष्टनाचं जुनं रीळ संपायच्या आत माल बदलला, की मसाल्याचा माल साध्याच्या पाकिटात जातो. अशा वेळी यादी अगदी अचूक छापलेली असते, फक्त ती दुसऱ्या मालाची असते. म्हणून पाकीट फोडल्यावर आतला माल नेहमीसारखा दिसतोय का, हे नजरेने पाहायची सवय लावून घ्या. रंग वेगळा, ठिपके दिसतायत, वास वेगळा, तर खाऊ नका.

प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये आणखी एक गोष्ट चालते. कापताना उरलेले तुकडे आणि वाकडे निघालेले स्लाइस पुढच्या घाण्यात पुन्हा वितळवतात. यात बेकायदा काही नाही, पण कुठला उरलेला माल कुठे गेला याची नोंद चुकली, तर काजू घातलेल्या चवीचा अंश साध्या चीजमध्ये येऊ शकतो.

तिसरा मार्ग पुरवठादाराचा. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या सगळ्यांना सांगितलं, की तूर्तास मोहरी असलेला कुठलाही पदार्थ खाऊ नका. मोहरीच्या पुडीत शेंगदाणा मिसळला गेला होता आणि ती पूड भारतातल्या पुरवठादारांकडून आली होती. मोहरी सॉसमध्ये जाते, सॉस तयार जेवणात आणि सँडविचमध्ये जातो. शेवटचं पाकीट बांधणाऱ्याने आपल्या परीने सगळं बरोबर लिहिलं असेल, तरी त्याला शेंगदाण्याचा पत्ता नव्हता. आपल्याकडे मोहरी आणि शेंगदाणा एकाच बाजार समितीत, एकाच गोदामात, कधी त्याच पोत्यांत फिरतात. त्यामुळे हा प्रश्न फक्त ब्रिटनमधल्या लोकांचा आहे असं मला वाटत नाही.

भारतातला कायदा काय सांगतो?

एफएसएसएआयच्या (भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार आठ गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात: ग्लूटेन हे प्रथिन असलेली गव्हासारखी धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट. ‘कंटेन्स’ या शब्दाने सुरू होणारी वेगळी ओळ असते. यादी वाचायला वेळ नसेल तर निदान ती शोधा.

या आठांत तीळ नाही आणि मोहरीही नाही. युरोपच्या चौदा घटकांच्या यादीत दोन्ही आहेत, अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तीळ घेतला. आपल्याकडे तिळाची ॲलर्जी असेल तर ‘कंटेन्स’ची ओळ तुम्हाला काहीच सांगणार नाही. पूर्ण घटक यादी वाचावी लागेल, आणि ‘मसाले’ एवढंच लिहिलं असेल तर कंपनीला विचारावं लागेल. ज्या राज्यात संक्रांतीला घरोघरी तीळ वाटतात, तिथे तिळाला या यादीत जागा मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिरवा ठिपका असेल तर अंडं नाही असं समजायचं का?

घटक म्हणून अंडं घातलेलं नाही, एवढं समजायला हरकत नाही. आपल्या नियमात अंडं मांसाहारी गटात येतं, त्यामुळे लायसोझाइम असलेल्या चीजवर तपकिरी त्रिकोण असायला हवा. आयात चीजवर ही खूण बहुधा इथे आल्यावर स्टिकरने लावतात, आणि स्टिकर मूळ यादीवरच चिकटवलेलं मी पाहिलं आहे. तसं असेल तर ते पाकीट सोडून द्या.

त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर अंड्याचं काही बनत नाही, याची हमी हिरवा ठिपका देत नाही. आणि दूध शाकाहारी असल्यामुळे दुधाच्या ॲलर्जीसाठी तो निरुपयोगी आहे.

मग व्हीगन चिन्ह असलेलं चीज दुधाच्या ॲलर्जीला चालेल?

व्हीगन चिन्ह सांगतं की प्राणिज घटक वापरलेला नाही. दुधाचा अंशही नाही, हे ते सांगत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये इंग्लंडच्या बाथ शहरात दुधाची तीव्र ॲलर्जी असलेली ४२ वर्षांची एक आई असाच एक व्हीगन रॅप खाऊन दगावली. रॅपमध्ये ‘डेअरी फ्री’ म्हणून विकलेलं नारळाचं दही होतं. त्यातल्या स्टार्चमध्ये दुधाचं प्रथिन मिसळलेलं होतं. हा धोका दही बनवणाऱ्या कंपनीकडच्या कागदपत्रांत नोंदलेला होता, पण पुढे कळवला गेला नाही. चौकशी पूर्ण व्हायला २०२२ उजाडलं.

म्हणून व्हीगन चीज घेताना ‘मे कंटेन मिल्क’ ही ओळ शोधा, आणि कंपनीचा कारखाना फक्त वनस्पतिजन्य मालाचा आहे का, हे विचारा. आणखी एक: व्हीगन चीजचा आधार बहुतेक वेळा काजू, बदाम, सोया किंवा खोबरेल असतो. दुधापासून वाचताना घरातल्या काजूच्या ॲलर्जीवाल्याला विसरू नका.

हॉटेलांत ‘नकली चीज’, पाम तेलाचं चीज वापरतात म्हणे. म्हणजे त्यात दूध नसतं का?

हा गैरसमज धोक्याचा आहे. चीज ॲनालॉगमध्ये दुधाची चरबी काढून वनस्पती तेल घातलेलं असतं, पण ताणलं जाणारं, वितळणारं रूप यावं म्हणून त्यात अनेकदा केसीन घालतात. केसीन हे दुधातलंच प्रथिन, आणि दुधाच्या ॲलर्जीत मुख्य दोषींपैकी एक. काही ॲनालॉगमध्ये सोया प्रथिन आणि स्टार्चही असतो. त्यामुळे दुधाची ॲलर्जी असलेल्याला ते चालत नाही, आणि सोयाची ॲलर्जी असलेल्याला ज्या पिझ्झाची भीती नव्हती, तोही आता विचारून घ्यावा लागतो. कायद्याने ॲनालॉगला ‘चीज’ म्हणून विकता येत नाही. हॉटेलात ‘तुम्ही आणता तो डबा किंवा पाकीट दाखवा’ असं सरळ म्हणा.

दूध पचत नाही आणि दुधाची ॲलर्जी, यात फरक काय?

दूध पचत नाही म्हणजे लॅक्टोज ही साखर पचत नाही. पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. जीव जात नाही. मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरत नाही, म्हणून अशा बऱ्याच लोकांना चेडर चालतं. ॲलर्जी ही प्रथिनाविरुद्ध शरीराने पुकारलेली लढाई आहे, आणि मुरलेल्या चीजमध्ये प्रथिन भरपूर असतं. ‘लॅक्टोज फ्री’ लिहिलेलं चीज दुधाच्या ॲलर्जीला अजिबात चालत नाही. नातेवाईक प्रेमाने नेमकं हेच पाकीट घेऊन येतात, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा.

म्हशीच्या किंवा शेळीच्या दुधाचं चीज देऊन पाहिलं तर?

गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना म्हशीचं, शेळीचं आणि मेंढीचं दूधही चालत नाही, कारण प्रथिनं फार सारखी आहेत. शेळीचं दूध हलकं असतं हा आपल्याकडचा जुना समज इथे लावू नका. उलट प्रकारही आहे, जरी दुर्मीळ: काहींना गाईचं दूध चालतं, पण शेळी-मेंढीच्या दुधाने जोरदार ॲलर्जी येते. ‘कंटेन्स मिल्क’ या ओळीत प्राण्याचं नाव नसतं, त्यामुळे त्यांनी फेटासारखं चीज खाण्याआधी यादी बारकाईने वाचावी.

यादीत नेमके कुठले शब्द शोधायचे?

दुधासाठी: मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीन, केसिनेट, मिल्क प्रोटीन, चीज पावडर. साध्या वाटणाऱ्या पेरी पेरी मसाल्यातही मिल्क सॉलिड्स सापडतात. लॅक्टिक ॲसिड म्हणजे आयएनएस २७० (आयएनएस हा खाद्यपदार्थात घालायच्या पूरक पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) हे नाव ऐकून घाबरू नका, ते सहसा दुधापासून करत नाहीत. अंड्यासाठी: आयएनएस ११०५ म्हणजे लायसोझाइम, शिवाय अल्ब्युमिन. आयएनएस ३२२ म्हणजे लेसिथिन. ते बहुधा सोयाचं, क्वचित अंड्याचं. आयएनएस २२० ते २२८ म्हणजे सल्फाइट. चीजचा पिवळा रंग बहुधा अनाटो, म्हणजे आयएनएस १६०बी. तो सक्तीच्या यादीत नाही, पण त्याची ॲलर्जी असलेली माणसं थोडी का होईना आहेत. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ दिसलं तर ते सोयाचं की गव्हाचं, ते विचारा.

एकेका चकाकत्या कागदात गुंडाळलेल्या क्यूबवर यादी नसते, ती बाहेरच्या खोक्यावर असते. सुटा क्यूब कुणी हातावर ठेवला तर तो पिशवीत टाका आणि खोकं पाहिल्यावरच मुलाला द्या. मोठी लादी कापून साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किलोवर मिळणारं चीज स्वस्त पडतं खरं. ॲलर्जी असलेल्या घरात ते आणू नका. त्या सुरीने आधी काय कापलं, हे दुकानदारालाही आठवत नसतं.

आणि दर वेळी वाचा. ‘नवी चव’, ‘आता आणखी क्रीमी’ असं पाकिटावर आलं, तर ते नवं पाकीट समजूनच वाचा.

‘मे कंटेन’ लिहिलं नाही, म्हणजे सुरक्षित?

नाही. मिसळ होण्याची शक्यता असेल तर कंपनीला तसं लिहिता येतं, पण लिहिलं नाही म्हणजे कुणी तपासून पाहिलं असा अर्थ होत नाही. उलट काही कंपन्या स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्या मालावर सरसकट आठही नावं छापतात. मग पालक कंटाळून ती ओळच वाचेनासे होतात, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. तीव्र ॲलर्जी असेल तर ‘मे कंटेन’ असलेलं टाळा आणि नसलेल्याबद्दल कंपनीला ईमेल करा. ‘याच यंत्रावर आणखी काय बांधता आणि मध्ये यंत्र कसं धुता?’ एवढाच प्रश्न विचारा. नीट उत्तर देणारी कंपनी लक्षात ठेवा.

एवढ्याशा अंशाने खरंच काही होतं का?

एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने दुधासाठी २ मिलिग्रॅम प्रथिन हा संदर्भ आकडा धरला आहे. म्हणजे दुधाची ॲलर्जी असलेल्या शंभरातल्या साधारण पाच जणांना एवढ्यावरही दिसतील अशी लक्षणं येऊ शकतात. आता हिशेब करा. चेडरमध्ये साधारण पाव भाग प्रथिन असतं, म्हणजे २ मिलिग्रॅम प्रथिन ८ मिलिग्रॅम चीजमध्ये आलं. किसणीच्या छिद्रात अडकलेला कण याहून मोठा असतो.

गाडीवर आणि हॉटेलात काय करायचं?

गाडीवरचं चीज सँडविच आठवा. एकच सुरी, एकच फळी, लोण्याचा एकच डबा. हिरव्या चटणीत दाटपणासाठी कुणी डाळं घालतं, कुणी शेंगदाणा. चीज दाबेलीत तर मसाला शेंगदाणे असतातच, आणि तोच हात पुढच्या ग्राहकाच्या चीज पावभाजीवर चीज किसतो. मेयोनीज अंड्याचं की बिनअंड्याचं, हे बरणीवरूनच कळतं. पनीर मखनी पिझ्झाच्या सॉसमध्ये काजू आणि मगज असतो. हे सगळे लोक मेहनतीने पोट भरतात आणि विचारलं तर खरं सांगतात, पण एका फळीवर चालणाऱ्या धंद्यात वेगळेपणा ठेवणं त्यांना शक्य नसतं. शेंगदाणा किंवा काजूची तीव्र ॲलर्जी असेल तर गाडीवरचं चीज नकोच.

गोव्यात तळणीची काळजी घ्या. पार्टीत आणि बेकऱ्यांत कोळंबीचे रिसॉइस (सारण भरून तळलेल्या करंज्या) आणि चीजचे गोळे एकाच कढईत तळले जातात. कवचधारी जलचरांची ॲलर्जी असेल तर चीजचा गोळाही तितकाच टाळावा लागतो.

दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना ॲलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी लागते. ती मागा. विचारताना ‘माझ्या मुलाला काजू चालत नाही’ असं म्हणू नका. ‘काजूचा कण गेला तरी हॉस्पिटल गाठावं लागतं’ असं म्हणा. आपल्याकडे ‘चालत नाही’ म्हटलं की उपास, पथ्य किंवा नावड समजतात.

मुलाला केकमधलं दूध चालतं. मग पिझ्झावरचं भाजलेलं चीज चालेल ना?

स्वतःहून ठरवू नका. दुधाची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना मैद्यात मिसळून बराच वेळ भाजलेलं दूध सोसतं. पिझ्झावरचं चीज मात्र थोडाच वेळ तापतं आणि त्यात प्रथिन कितीतरी जास्त असतं. डॉक्टर मुलाला पायरीपायरीने दुधाकडे नेतात, त्यात पिझ्झा केकच्या बराच नंतर येतो.

शाळेला काय सांगावं?

२०१७ मध्ये लंडनच्या एका शाळेत दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या १३ वर्षांच्या मुलाच्या अंगावर दुसऱ्या मुलाने चीजचा तुकडा टाकला. तो मुलगा वाचला नाही. नुसत्या त्वचेच्या स्पर्शाने इतकं होणं अत्यंत दुर्मीळ आहे, पण शाळेतलं त्याचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मुदत संपलेलं होतं, हेही चौकशीत पुढे आलं. शाळेला लेखी द्या: कशाची ॲलर्जी, लक्षणं कोणती, औषध कुठे ठेवलंय, ते कोण देणार, मुदत कधी संपते. वर्गशिक्षिकेइतकंच डबा खाताना जवळ असणाऱ्या मावशींना सांगणं महत्त्वाचं आहे. वाढदिवसाला वर्गात वाटायच्या खाऊचं पाकीट आदल्या दिवशी कळवायची पद्धत एखाद्या शाळेने पाडली, तर कितीतरी घरांचा घोर जाईल.

ॲलर्जी उठली तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

आपल्या घरांत अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा दोनेक तासांत गांधी उठल्या आणि बरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, खोकला-धाप लागली, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा चक्कर आली, तर ते साधं पित्त नाही. ही ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीची लक्षणं आहेत आणि तिथे वेळ घालवायला वाव नाही. काही वेळा गांधी न उठताच धाप लागते, हेही ध्यानात असू द्या.

यावर पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. सेट्रिझिनसारखी गोळी खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. गोळी देऊन वाट पाहत बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माणसाला आडवं झोपवा आणि पाय वर करा. श्वास लागत असेल तर बसू द्या. उभं करू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर डॉक्टरांनी सांगून ठेवलेला दुसरा डोस द्या. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जा, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा उसळू शकतात.

परदेशात मिळतात तशी आपोआप टोचणारी ॲड्रेनलिनची पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. ॲड्रेनलिनची कुपी मात्र स्वस्त आहे. ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटून वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या आणि कुपी-सिरिंज वापरायचा सराव त्यांच्यासमोर करा. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही शिकवा. उन्हात उभ्या गाडीत औषध ठेवू नका.

चीज खाल्ल्यावर फक्त डोकं दुखतं. ही ॲलर्जी का?

बहुधा नाही. मुरलेल्या चीजमध्ये हिस्टामिन आणि टायरामिन ही रसायनं तयार होतात आणि काहींना त्यामुळे डोकेदुखी होते किंवा चेहरा लाल होतो. मानसिक आजारांवरची एमएओ इन्हिबिटर गटातली औषधं चालू असतील तर मात्र मुरलेलं चीज खाऊ नका, रक्तदाब धोकादायक वाढू शकतो.

न लिहिलेला घटक निघाला, तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

पाकीट फेकू नका. उरलेला माल त्याच पाकिटात फ्रीजरमध्ये ठेवा. बॅच क्रमांक, तारखा, १४ अंकी परवाना क्रमांक आणि बिलाचा फोटो घ्या. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, गोव्यातही अन्न व औषध प्रशासनाकडे, किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर तक्रार करता येते. कंपनीलाही लगेच कळवा. २०१७ च्या नियमांनुसार असुरक्षित माल बाजारातून परत मागवणं तिच्यावर बंधनकारक आहे.

अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक फी भरून स्वतः नमुना तपासून घेऊ शकतो, आणि माल नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते. त्यासाठी खरेदी करतानाच विक्रेत्याला ‘मी हे तपासायला देणार आहे’ असं सांगावं लागतं. प्रयोगशाळेला नुसतं ‘ॲलर्जी तपासा’ सांगून भागत नाही. अंडं, शेंगदाणा, दूध यांच्या चाचण्या वेगवेगळ्या असतात, म्हणून कशाचा संशय आहे ते लिहून द्या.

परदेशात राहतो. तिथलं लेबल वेगळं वाचायचं का?

हो, आणि इथे आपली माणसं फसतात. भारतात ‘कंटेन्स’ची वेगळी ओळ शोधायची सवय लागलेली असते. ब्रिटन आणि युरोपात तशी वेगळी चौकट नसते. ॲलर्जीचे घटक मुख्य यादीतच ठळक अक्षरांत असतात. ओळ दिसली नाही म्हणून माल सुरक्षित समजू नका. अमेरिकेत कंपनी या दोनपैकी एक पद्धत (वेगळी ओळ किंवा यादीतच उल्लेख) निवडू शकते, त्यामुळे तिथेही पूर्ण यादी वाचा. अमेरिकेची एफडीए (तिथलं अन्न व औषध प्रशासन) आणि ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी परत मागवलेल्या मालाच्या सूचना ईमेलवर फुकट पाठवतात, त्यासाठी नाव नोंदवून ठेवा. सुट्टीत येताना चीजचा खाऊ आणणार असाल तर मूळ पाकिटासकट आणा. सुटा करून डब्यात भरलेला खाऊ इथल्या भाच्याला कुणी सुरक्षितपणे देऊ शकत नाही.

शंका असेल तर थोडं चाटवून पाहिलं तर कळेल ना?

घरी हे कधीही करू नका. पहिल्या वेळी नुसतं ओठ खाजणं आणि पुढच्या वेळी श्वास अडणं, असं होऊ शकतं. आधीच्या लक्षणांवरून पुढची तीव्रता सांगता येत नाही. अशी चाचणी डॉक्टर हॉस्पिटलात करतात. मोजून, वाढत्या प्रमाणात पदार्थ देतात, ॲड्रेनलिन हाताशी ठेवतात आणि नंतर काही तास थांबवून घेतात. घरी पाकिटाबद्दल शंका आली तर ते बाजूला ठेवा, आणि मुलाला दुसरं काहीतरी खायला द्या.